पद्मीनबाई आणि घुंड्यांचा डबा

पद्मीनबाई गायला बसल्या की डावा हात कानावर ठेवत आणि उजवा हात समोरच्या पत्र्याच्या डब्यावर. डब्याला चार घुंड्या होत्या. तीन तपकिरी आणि एक पांढरी. गाताना त्यांची बोटं या घुंड्यांवरून फिरत असत. एखादी किंचित इकडे, एखादी किंचित तिकडे. नव्या गावात पुढच्या रांगेतली माणसं हमखास एकमेकांना विचारत, "ही बाई कोनतं वाद्य वाजवून राहिली?" आणि कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगे, "नवं निघालंय ते, मुंबईला." पद्मीनबाईंना हे सगळं ऐकू जाई. त्यांनी कधी खुलासा केला नाही. उजव्या हातातल्या बांगड्या मात्र त्या गाण्याआधी काढून किसनरावांच्या खिशात टाकत, कारण बांगडी पत्र्यावर आपटली की तो आवाज माइकमधून गावभर जायचा.

डबा वाद्य नव्हता. आमच्या गायन पार्टीत एक माइक पद्मीनबाईंचा, एक आम्हा कोरसच्या बायकांचा, एक ढोलकीचा, आणि चौथी वायर बेंजोची. बेंजो म्हणजे आमच्याकडे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. ते माझे यजमान प्रल्हाद वाजवत आणि त्यांनी ते विजेवर चालेल असं करून घेतलं होतं. या चारही वायरी डब्यात येत आणि डब्यातून एकच वायर लाउडस्पीकरच्या मशीनकडे जाई. ज्याची घुंडी फिरवाल त्याचा आवाज कमी-जास्त. पांढरी घुंडी पद्मीनबाईंच्या स्वतःच्या गळ्याची. आता असली यंत्रं दुकानात ओळीनं मांडलेली दिसतात. सत्तरच्या दशकात आमच्या आखाडा बाळापुरात ती कोणी पाहिलेली नव्हती, आणि गाणाऱ्या बाईच्या पुढ्यात तर मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाहीत.

मी लग्न होऊन कुरुंद्याहून बाळापूरला आले तेव्हा यजमान कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते आणि कार्यक्रम असेल तेव्हा पार्टीत बेंजो वाजवत. माझ्या अंगावरची हळद उतरली नव्हती तोच पद्मीनबाई आमच्या घरी आल्या. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट बुचडा, पायात टायरच्या चपला. दिवसा त्या कापूस वेचायला, हळदीच्या दिवसांत हळद शिजवायला जात. त्यांचे यजमान किसनराव गवंडीकाम करत आणि पार्टीत ढोलकी वाजवत. बाई दारातूनच म्हणाल्या, "कुरुंद्याची कोन? तू व्हय? गाऊन दाखव."

मी भिंतीकडे तोंड करून गायले.

"भिताडाला ऐकवून राहिली काय? इकडं फिर."

मी फिरले. पुन्हा गायले. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "दादा, आवाज बारीक हाय, पर खरा हाय. कोरसात बसवते." सासऱ्यांनी मान हलवली. कोरसात चार बायका असतात, त्यात आपली एक, असा त्यांनी विचार केला असावा. त्या दिवसापासून मी पद्मीनबाईंच्या उजव्या अंगाला, डब्याच्या अगदी शेजारी बसू लागले. त्या मला शेवटपर्यंत 'कुरुंद्याची' म्हणत आणि मी त्यांना आक्का म्हणत असे.

डबा कसा आला, ते त्यांनी मला बैलगाडीत सांगितलं. आम्ही डोंगरकड्याला कार्यक्रमाला निघालो होतो. डबा त्यांच्या मांडीवर, साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेला. मी पार्टीत येण्याआधी दूरच्या एका गावी त्यांचा दुसऱ्या पार्टीबरोबर सामना लावला होता. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातून जवाब द्यायचा. समोरच्या पार्टीत गाणारा पुरुष होता आणि लाउडस्पीकरवाला त्याचाच पाहुणा, नात्यातला. पद्मीनबाई गायला लागल्या की तो माणूस मशीनवरचं बटन हळूच मागे घ्यायचा. समोरचा गायला लागला की पुढे. लोकांना वाटलं बाई दमली. बाईंनाही आधी तसंच वाटलं. त्या जास्त जोर लावू लागल्या, गळा सोलून निघाला, आणि शेवटी जवाब अर्ध्यावर सोडून त्यांना खाली बसावं लागलं. लोक हसले. समोरच्याच्या गळ्यात हार पडला.

"मंग म्या उतरले अन् मशीनपाशी गेले," आक्का म्हणाल्या. "तो मानूस सामान आवरून राहिला व्हता. म्या म्हनलं, भाऊ, हे काय असतं? तो म्हनला, आवाजाचं बटन. म्या बोट लावून फिरवून पाह्यलं. एवढंसं, बोराएवढं. म्हनलं, बघ, माझा गळा एवढ्या घुंडीत हाय म्हन की. अन् ती घुंडी दुसऱ्याच्या हातात."

त्या त्याच्याशी भांडल्या नाहीत. पुढच्या बाजारच्या दिवशी हिंगोलीला गेल्या आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गफूरभाईंच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. गफूरभाई म्हातारे होते, निजामाच्या काळापासूनचे रेडिओ त्यांच्याकडे पडलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम गानेका काम करो. मशीनकू हात नको लगाव."

"न्हाई लावत. तुमी मला दुसरी घुंडी करून द्या. माझी. मशीनच्या आधीची."

हे 'मशीनच्या आधीची' कुठून सुचलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण गफूरभाईंचा हात थांबला. असं करता येतं हे त्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. ते म्हणाले, "एक का काहून? ढोलकी का भी कर देता." मेलेल्या रेडिओंच्या घुंड्या काढून त्यांनी डबा जुळवला. तपकिरी घुंड्या तीनच निघाल्या म्हणून चौथी पांढरी. पद्मीनबाई काम होईपर्यंत अधूनमधून जात राहिल्या, आत काय आहे ते विचारत राहिल्या. गफूरभाईंनी त्यांना सांगितलं, नळाची तोटी असते ना बाई, तसंच. पाणी आहे तेवढंच, सोडायचं किती ते तुमच्या हातात.

लाउडस्पीकरवाले सुरुवातीला हा डबा जोडून घ्यायला तयार नसत. एकानं सरळ सांगितलं, "माझ्या मशीनला असली वस्तू लावनार न्हाई." आक्का म्हणाल्या, "मंग तुमच्या मशीनमंदी तुमीच गा, आमी ऐकतो." आणि सतरंजीवर मांडी घालून बसल्या. मंडपातले लोक हसायला लागले. त्यानं मुकाट्यानं वायर जोडली.

मला वाटलं होतं, एवढं सोसलेली बाई डबा हातात आल्यावर आपलाच आवाज वाढवून ठेवत असेल. उलट होतं. पांढरी घुंडी निम्म्याच्या पुढे क्वचित जाई. त्या इतरांच्या घुंड्या थोड्या थोड्या मागे घेत. एखादा शब्द लोकांपर्यंत नीट जायला हवा असेल तर त्या शब्दापुरता बेंजो बारीक करत, शब्द गेला की बेंजो पुन्हा जागेवर. आम्हा कोरसच्या बायकांना त्या सांगत, "आवाज वाढवायचा नसतो गं, आवाजाला जागा करून द्यायची असती." मी एकदा विचारलं, आक्का, हे कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "शिकवतं कोन! दहा जनींत कापूस येचताना बोलून पाह्य. समद्या वरडतात तवा कोनाचं ऐकू येतं?"

किसनरावांना हे पटत नसे. ढोलकी दणदणली पाहिजे, तरच लोक उठून बसतात, असं त्यांचं मत होतं. कार्यक्रमात त्यांची थाप जोरात आली की आक्का त्यांच्याकडे न बघता ढोलकीची घुंडी मागे घेत. किसनराव आणखी जोरात वाजवत. घुंडी आणखी मागे. घरी आल्यावर ते कुरकुरत. "अवं, मी हाताची साल काढून राहिलो, अन् तू मला डब्यात कोंडून ठेवतीस?" आक्का म्हणत, "कोंडलं न्हाई, दम धरायला लावला." मग घरातही ते तावातावानं बोलू लागले की आक्का हवेतच दोन बोटं मागे फिरवत. त्यांचं भांडण तिथेच हसण्यावर जाई. बाळापुरात आमच्या गल्लीतल्या बायकाही नवऱ्यांना तशी बोटं दाखवू लागल्या होत्या.

पार्टीत मी रुळले. दोन लेकरं झाली. सासूबाई लेकरं सांभाळत आणि मी कार्यक्रमाला जात असे. याच काळात मला एक गोष्ट दिसू लागली. मी डब्याच्या शेजारी बसणारी, त्यामुळे ती बहुतेक मलाच दिसली असावी. पांढरी घुंडी दर कार्यक्रमाला थोडी थोडी पुढे जात होती. आधी निम्म्यावर, मग निम्म्याच्या पुढे, मग पाऊण. ऐकणाऱ्यांना आवाज तेवढाच वाटायचा. शेजारी बसून माइकवाचून जो आवाज कानावर येई, तो मात्र बसत चालला होता. कार्यक्रम संपला की त्या बराच वेळ बोलत नसत, खुणेनं पाणी मागत. मी विचारलं तर म्हणाल्या, "हळदीचा धूर बसलाय गळ्यात. उतरंल."

तो उतरला नाही. त्यांचं 'पाटीचं गाणं', म्हणजे शाळेला निघालेल्या लेकीचं गाणं, आमच्या भागात फार चालायचं. 'पाटी घेऊन लेक निघाली, वाट मोकळी करा' असं त्याचं धृपद, त्यांनीच रचलेलं. त्या वर्षी कुरुंद्याला, माझ्या माहेरी, चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम होता. दुपारी मिरवणूक आटोपली आणि उन्हं कलताना आम्ही गायला बसलो. समोर माझे आईवडील, भाऊ, सगळी गल्ली. आक्कांनी पाटीचं गाणं घेतलं. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात वरच्या पट्टीत जाताना त्यांची बोटं पांढऱ्या घुंडीवर गेली आणि तिथेच थांबली. घुंडी पूर्ण फिरलेली होती. पुढे जागाच नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. नुसता वारा आला, आणि तो वारा लाउडस्पीकरमधून साऱ्या मंडपानं ऐकला.

किसनराव वाजवत राहिले, पण त्यांनी मान वर केली. यजमानांची बोटं बटणांवर अडखळली. मी काही ठरवलं नाही. कडवं पुढे जात होतं, ते मला पाठ होतं, मी ते उचललं. कोरसच्या माइकमध्ये, लांबून, माझ्या बारीक आवाजात. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील. त्यांचा हात पांढऱ्या घुंडीवरून निघाला, कोरसच्या घुंडीवर आला आणि त्यांनी ती पुढे नेली. माझा आवाज माझ्याच कानावर चहूबाजूंनी आला. मग त्यांनी पांढरी घुंडी मागे घेतली, अगदी शेवटपर्यंत. स्वतःचा गळा त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं बंद केला आणि मी गाणं संपेपर्यंत माझ्या आवाजाला जागा करत बसल्या.

जेवताना मी भाकरी नुसती कुस्करत बसले. त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "भेलीस काहून? गानं मोडलं न्हाई ना? मंग खा."

नांदेडच्या डॉक्टरांनी गळा तपासला आणि सांगितलं की गाणं बंद. बोलणंही जपून. नाहीतर आहे तोही आवाज राहणार नाही. किसनरावांनी पार्टी मोडायचं ठरवलं. लोक पद्मीनसाठी येतात, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. आक्का तडक आमच्या घरी आल्या आणि सासऱ्यांसमोर बसल्या.

"दादा, कुरुंद्याचीला पुढं बसवायची हाय."

सासरे म्हणाले, "कोरसात गाती तेवढं बस झालं. घरची सून म्होरं बसून गाईल तं लोक काय म्हनतील?"

"लोक काय म्हनतात ते मला इचारा. मी ऐकलेलं हाय समदं." त्यांना खोकला आला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "ही गाईल, अन् मी हिच्या बाजूला बसीन. डबा माझ्यापाशी. कोनाला वंगाळ बोलायचं असंल तं त्यो आधी माझ्याकडं बघंल."

सासऱ्यांनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे. मी पदर सावरून उभी होते. सासरे म्हणाले, "तुझं काय हाय गं?" लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी म्हणाले, "मला गायचं हाय."

अशी मी पुढे बसले. आक्का शेजारी, दोन्ही हात डब्यावर, आणि पांढरी घुंडी आता माझ्या गळ्याची. त्या काळात मी जशी गायले तशी पुढे कधी गायले नाही, असं मला वाटतं. मी श्वास घेण्याआधी त्यांना कळायचं. माझा आवाज कुठे पातळ होतो ते ठाऊक असल्यानं तिथे त्या बेंजो असा मागे घेत की माझं पातळपण लोकांना गोड वाटे.

पण माणूस नुसता गुणांचा नसतो, आणि आक्काही नव्हत्या. एकदा बाळापुरातच, बाजारच्या मैदानात, आमचा कार्यक्रम होता. घरचंच गाव. मी पाटीचं गाणं म्हटलं आणि लोकांनी ते पुन्हा मागितलं. आक्का गात असताना गावानं ते कधी पुन्हा मागितलं नव्हतं. गावाला त्यांची सवय झाली होती. एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "पोरी, हे गानं तुझ्याच गळ्यात शोभतं." मी दुसऱ्यांदा गायला लागले. मधल्या कडव्यात माझ्या लक्षात आलं की माझा आवाज मला ऐकू येत नाही. ढोलकी ऐकू येत होती, बेंजो ऐकू येत होता. मी जोर लावला. मग खाली पाहिलं. पांढऱ्या घुंडीवर आक्कांची बोटं होती आणि घुंडी मागे आली होती.

मी गात राहिले. किसनरावांनी मात्र थाप हलकी केली. आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता. बेंजोही उतरला. शेवटचं कडवं आलं तेव्हा घुंडी पुन्हा जागेवर होती.

सामान आवरून आम्ही पायीच घरी निघालो. पुरुष पुढे गेले. आक्का माझ्या बाजूनं चालत होत्या. मारुतीच्या पाराजवळ त्या थांबल्या.

"तुला दिसलं ना?"

"व्हय."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

त्यांनी डबा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. म्हणाल्या, "त्या मानसानं माझं जे केलं तेच म्या तुझं केलं. हात आपसूक गेला." थोडं चालून पुन्हा थांबल्या. "खोटं बोलले. आपसूक न्हाई गेला. म्या नेला."

मला राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. दोन्हींपैकी काय बोलून दाखवावं ते कळत नव्हतं. माझ्या दारापाशी त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

"हा आता तुझ्या म्होरं ठेव. म्या तुझ्यासाठी धरून बसले व्हते, ते चुकलंच. गानारीचा हात पायजे त्याच्यावर, दुसरीचा न्हाई. कितीबी मायेची असली तरी न्हाई."

"मला गाता गाता फिरवता येनार न्हाई, आक्का."

"येतं. मला आलं."

महिनाभर त्या आमच्या घरी येत राहिल्या. माइक नाही, मशीन नाही, नुसता डबा समोर ठेवून मी गायची आणि त्या माझं मनगट धरून फिरवायच्या. चुकलं की चापट मारत. त्यानंतर त्या मंचावर बसल्या नाहीत. कार्यक्रमाला येत आणि सगळ्यात मागे, चहाच्या गाडीपाशी उभ्या राहत. ढोलकी जास्त होत असेल तर लांबून हात खाली करून दाखवत. मला तो दिसायचा, किसनरावांनाही दिसायचा. पण त्यांची घुंडी फिरवायची वेळ माझ्यावर क्वचितच आली. बाजारच्या मैदानातल्या त्या कार्यक्रमानंतर ते आपणहून जपून वाजवत.

दशक संपता संपता त्यांचा मुलगा औरंगाबादला कारखान्यात लागला आणि त्यानं दोघांना तिकडे नेलं. ढोलकी गेली तेव्हा पार्टीही हळूहळू थांबली. मी नंतर महिला मंडळात, शाळांत गायले, पण ते वेगळं. आक्का पुढे काही वर्षंच होत्या. त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा यजमान आणि मी एसटीनं औरंगाबादला गेलो. उशीर झाला होता, सगळं उरकलं होतं. दोन खोल्यांचं घर, भिंतीला पाठ लावून बसलेल्या बायका. सून भली होती. ती मला म्हणाली, "आत्याबाई गात होत्या, हे बाहेरच्यांकडूनच कळून राहिलं आमाला. घरात तर त्या मोठ्यानं बोलल्याबी न्हाईत कधी."

मग मी तिला सांगायला बसले. हिंगोलीच्या गफूरभाईंचं, कुरुंद्याचं, बाजारच्या मैदानाचंही. काही लपवलं नाही. बायका ऐकत होत्या. किसनराव दारात पाय सोडून बाहेर बघत बसले होते, त्यांचं लक्ष आहे की नाही ते कळत नव्हतं. आक्का सर्वांत पहिल्यांदा लोकांसमोर उभ्या राहिल्या तो प्रसंग मी पाहिलेला नव्हता, फक्त ऐकलेला होता. तो सांगताना मी म्हणाले की नवी नवरी होती, हजार माणसं समोर, घाबरून गेली होती बिचारी.

किसनराव बाहेर बघतच म्हणाले, "घाबरली न्हवती. आधी हसली, मंग गायली. घाबरलो तं मी व्हतो."